आंबोळीला स्टार मिळाला रे बाब्या

प्रिय बाब्या,

शिव्या घालायच्या तेवढ्या आधी घालून घे, मी थांबतो. दीड वर्ष झालं आपण धड बोललो नाही, ग्रुपवर तुझे गुड मॉर्निंगचे गणपती येतात आणि मी अंगठा दाखवतो, बास. तब्येत ठीक, शुगर आहे तिथेच आहे, हिचे गुडघे हिच्यासारखेच, कोणाचं ऐकत नाहीत. सध्या लंडनला लेकीकडे आहोत, पुढच्या महिन्यात परत.

तर काल रात्री लेकीने आम्हाला चिशुरू म्हणून एका हॉटेलात नेलं. ऑक्सफर्ड सर्कसवरून चालत जायचं. पश्चिम आफ्रिकेचं जेवण, ते पण एकदम भारीतलं. ही घाबरून पर्समध्ये बिस्किटचा पुडा घेऊन आलेली. आणि आलं काय तर सिनासिर. मेल्या, आंबोळी रे! तांदूळ भिजवून, वाटून, आंबवून, एकाच बाजूने भाजलेली, वर जाळी, मधे गुबगुबीत. तळहातावर मावेल एवढीशी, वर काय काय सजवलेलं, पण कड तोडून नाकाशी नेली आणि थेट काकूची चूल. लेक म्हणते, बाबा, रडताय काय? म्हटलं मिरची लागली. मिरची पण होती म्हणा, स्कॉच बॉनेट म्हणतात तिला, आपली लवंगी तिच्यापुढे बालवाडीत.

चिशुरू हा हौसा भाषेतला शब्द. ताट समोर आलं की सगळे एकदम गप्प होतात ना, ती शांतता. मला आपलं दीड वर्ष आठवलं, आपण तर ताट नसतानाच गप्प.

मग मोईमोई आली, म्हणजे चवळीची सालं काढून, वाटून, तिखट घालून वाफवतात, तिकडे घरी पानात बांधून करतात, पातोळ्यांसारखी. भाताचं नाव जोलोफ, टोमॅटो-मिरचीतला लाल भात. नायजेरियावाले आणि घानावाले त्यावरून भांडतात, आपण आणि गोयंकार मसाल्यावरून भांडतो तसे. त्याला बुडाला लागल्याचा धुरकट वास हवाच म्हणे. म्हणजे खरवड! जिच्यासाठी तू मला पाटा फेकून मारलेलास. कशात तरी इरू होतं, एक आंबवलेली बी, हिने नाक वर करून विचारलं, जवळा घातलाय का? बाब्या, जवळ्याचा वास, बाजूला कडक इस्त्रीचे लोक, आणि कोणी खिडकी उघडा म्हणत नव्हतं.

आता खरं ते ऐक. मालकीण अडेजोके बाकारे, नायजेरियातल्या कडुनाची. लेकीने मोबाईलवर वाचून दाखवलं, ही बाई कॉलेजात असताना तिकडे गाडीवर काय विकायची? फिश अँड चिप्स! मी घास हातात घेऊन तसाच बसलो. कडुनात फिश अँड चिप्स आणि कुडाळात माझी व्हेज मंचुरियन. फरक एवढाच की तिला कळलं. 2019 ला एक स्पर्धा जिंकली, 2020 ला ऐन कोरोनात ब्रिक्स्टनच्या बाजारात छोटं हॉटेल टाकलं, 2023 ला या भागात आली आणि 2024 च्या फेब्रुवारीत मिशलिनचा स्टार, म्हणजे हॉटेलवाल्यांचा मोठा मान. तो मिळवणारी ब्रिटनमधली पहिली काळी बाई.

1997 ला तू काय वेगळं म्हणत होतास? टेबलावर स्वच्छ कापड घालू आणि आंबोळी, कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याचं सांबारं देऊ, पण नीट देऊ. आणि मी म्हटलं, घरचं खायला कोण पैसे टाकणार? कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली की मुंबईवाले तुटून पडणार आणि त्यांना पनीरच लागणार. पनीर बेळगावावरून यायचं ते अर्धं आंबून. अकरा महिने चाललं आपलं हॉटेल. (मेनूकार्डावर "पनिर" मीच लिहिलेलं, मान्य. "चायनिज" तुझं.)

तर घोळ असा की माझ्या गाळ्यातला भाडेकरू मोबाईलवाला मार्चमध्ये गाळा सोडतोय. ही म्हणते विकून टाका, लेक म्हणते विकून टाका, मीही मान डोलावली, आणि काल रात्रीपासून झोप नाही. सहा टेबलं, जास्त नाही, दुपारचंच जेवण. पहाटे तीनला उठून हिशेब मांडला, तांदूळ, गॅस, दोन बायका, मग फाडला, मग परत मांडला. 54 वर्षांचे आपण, बुडालो तर हसायला पण कोणी उरलेलं नाही. आणि तुला कुठल्या तोंडाने विचारू? खुर्च्या काकूच्या पाटल्यांवर आलेल्या. खुर्च्या भंगारात गेल्या, पाटल्या सावकाराकडेच राहिल्या, आणि काकू अजून मला चहात दोन चमचे साखर घालते, शुगर आहे सांगूनही. हिला यातलं काहीच माहीत नाही. म्हणजे पाटल्यांचंही नाही.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? धाकट्याला नोकरी लागली म्हणे, पेढे राहिले. तुझा तो पंप सुधारला का एकदाचा?

रविवारी फोन करतो, उचल. आणि काकूला विचारून ठेव, आंबोळीत तीन वाटी तांदळाला उडीद किती आणि मेथी भिजवतानाच टाकायची ना. काल रात्री आल्याआल्या हिच्या नकळत पीठ लावून हीटरजवळ ठेवलंय. अजून फुगलं नाहीये.

तुझाच,
दाद्या