जुन्या विंडोजवर डूम चालतो, आवृत्ती नीट निवडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून कपाटावर पडलेल्या जुन्या संगणकांचे करायचे काय, ही चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. त्या चर्चेत 'यावर आता साधा गेमही चालत नाही' हे वाक्य हमखास येते. ते खरे नाही. पेंटियम ४ आणि एक्सपी असो, की त्याहून जुना पेंटियम आणि विंडोज ९८, १९९३ चा डूम हा गोळीबाराचा खेळ या यंत्रांवर एम्युलेटरशिवाय (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमशिवाय) उत्तम चालतो. चालत नाही तेव्हा यंत्र बहुधा ठीकच असते, उतरवलेली फाइल त्या विंडोजसाठी बनलेली नसते. कोणती फाइल घ्यावी आणि का, हे वाचकांना सविस्तर कळावे म्हणून हे पत्र.

आयडी सॉफ्टवेअरने डूम १० डिसेंबर १९९३ रोजी डॉससाठी प्रसिद्ध केला. २३ डिसेंबर १९९७ रोजी त्याचा सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ लिखित मजकूर) खुला झाला, पण तो लिनक्स आवृत्तीचा होता, कारण डॉस आवृत्तीतली आवाजाची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती. १९९९ मध्ये तोच कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली आला आणि त्यातून डझनावारी पोर्ट, म्हणजे त्या कोडवरून इतरांनी बनवलेल्या सुधारित आवृत्त्या, तयार झाले. प्रत्येक पोर्टची प्रत्येक आवृत्ती त्या-त्या वर्षीच्या कंपायलरने (कोडपासून चालणारी एक्झी फाइल बनवणाऱ्या साधनाने) बांधलेली असते, आणि कंपायलर बदलला की जुन्या विंडोजचा आधार गुपचूप गळतो. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ २००५ या कंपायलरने बांधलेला प्रोग्रॅम विंडोज ९८ वर चालू शकतो, २००८ ने बांधलेल्याला किमान विंडोज २००० लागते. २०१२ पासून एक्सपीसाठी वेगळा टूलसेट (बांधणीच्या साधनांचा संच) मुद्दाम निवडावा लागतो. म्हणून 'सर्वांत नवी आवृत्ती घ्या' हा सल्ला इथे उलटा पडतो. आपली विंडोज जेव्हा वापरात होती, त्या काळातली शेवटची स्थिर आवृत्ती शोधायची.

विंडोज ९८ पासून सुरुवात करू. मूळ डॉसचा डूम त्यावर थेट चालतोच, पण नव्या, मोठ्या नकाशांवर अडखळतो. मूळ इंजिनात, म्हणजे खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मर्यादा ठोकून बसवल्या आहेत: एका दृश्यात १२८ व्हिजप्लेन (जमीन-छताचे तुकडे), १२८ स्प्राइट (राक्षस, वस्तू यांची चित्रे) आणि सेव्ह फाइलला सुमारे १७६ किलोबाइट. स्प्राइट जास्त झाले तर काही चित्रे दिसेनाशी होतात, बाकीच्या मर्यादा ओलांडल्या की खेळ बंद पडतो. यावर उपाय म्हणजे एमबीएफ हा डॉससाठीच लिहिलेला पोर्ट. तो बूम या आधीच्या पोर्टवर आधारलेला आहे, या मर्यादा काढून टाकतो आणि ३२० बाय २०० ऐवजी ६४० बाय ४०० चे चित्रही देतो. चित्र चौपट मोठे म्हणजे प्रोसेसरवरचा भारही तितका वाढतो. पेंटियम १३३ च्या आसपासचे यंत्र असेल तर ३२० बाय २०० वरच राहावे.

एमबीएफ डीजेजीपीपी कंपायलरने बांधला आहे, त्यामुळे त्याला डीपीएमआय ही (डॉस प्रोग्रॅमला जास्त मेमरी वापरू देणारी) सेवा लागते. विंडोज ९८ च्या आतल्या डॉस खिडकीत ती आपोआप मिळते. संगणक 'रिस्टार्ट इन एमएस-डॉस मोड'ने सुरू केला तर मिळत नाही आणि 'नो डीपीएमआय' असा संदेश येतो. तेव्हा सीडब्ल्यूएसडीपीएमआय नावाची छोटी एक्झी फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवली की काम होते. खिडकीतून चालवताना शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये मेमरी टॅबवर डीपीएमआयची जागा 'ऑटो'वर न ठेवता १६३८४ करावी. फोल्डरचे नाव आठ अक्षरांच्या आत असावे.

आवाजाबद्दल इथे सर्वाधिक तक्रारी येतात. पीसीआय साउंड कार्डाचा विंडोज ड्रायव्हर डॉस खिडकीला साउंड ब्लास्टरचा आभास देतो, त्यामुळे तिथे आवाज येतो. पूर्ण डॉसमध्ये तो ड्रायव्हर नसतो, म्हणून शांतता. कार्ड बिघडले असे समजून ते बदलू नये. सेटअपमध्ये साउंड कार्डाच्या या नोंदी द्याव्यात: पत्ता २२०, डीएमए १ आणि आयआरक्यू ५ किंवा ७ यांपैकी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जो दिसेल तो. गोळ्यांचा एकच आवाज अडकून वाजत राहिला तर आयआरक्यू चुकला आहे असे आधी समजावे.

हल्ली सढळ हाताने रॅम भरली जाते, तीही विंडोज ९८ ला बाधते. ५१२ मेगाबाइटच्या वर गेल्यावर फाइल कॅशे (वाचलेल्या फाइलींसाठी राखलेली मेमरी) इतकी पसरते की डॉस खिडकी उघडतानाच 'मेमरी कमी आहे' असा उलटाच संदेश येतो. सिस्टिम डॉट आयएनआय फाइलच्या व्हीकॅशे विभागात 'मॅक्सफाइलकॅशे' ही नोंद घालून कॅशेला लगाम घालावा. किंवा जास्तीची पट्टी सरळ काढून ठेवावी. डूमला मुळात ४ मेगाबाइट पुरत होते.

एक्सपीवर गणित वेगळे आहे. मूळ डॉस आवृत्ती ३२ बिट एक्सपीत एनटीव्हीडीएम या डॉस प्रोग्रॅम चालवणाऱ्या घटकातून सुरू होते, पण आवाज तुटतो किंवा येतच नाही. ६४ बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नसल्याने ती सुरूच होत नाही. त्यामुळे एक्सपीसाठी विंडोजवर बांधलेला पोर्टच हवा. आमची पसंती प्रबूम-प्लस या पोर्टच्या २.५.१.४ आवृत्तीला आहे. ती एसडीएल १.२ या चित्र-आवाज हाताळणाऱ्या लायब्ररीवर उभी आहे आणि जुन्या यंत्राला झेपते. झिपमध्ये दोन एक्झी असतात: प्रबूम-प्लस आणि जीएलबूम-प्लस. बोर्डावरच ग्राफिक्स असलेल्या इंटेलच्या ८४५, ८६५, ९४५ चिपसेटच्या संगणकांवर पहिलीच चालवावी. दुसरीला लागणारा ओपनजीएल हा ग्राफिक्स ड्रायव्हर तिथे जेमतेम असतो, आणि पहिलीचे सॉफ्टवेअर रेंडरिंग (प्रोसेसरनेच चित्र काढणे) पेंटियम ४ ला अजिबात जड नाही. जीझेडडूम या दुसऱ्या पोर्टच्या अलीकडच्या आवृत्त्यांच्या नादी इथे लागू नये, त्यांना बरेच नवे ग्राफिक्स कार्ड लागते.

फक्त एक्झी उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकू नये. प्रबूम-प्लसची स्वतःची वॅड फाइल (चित्रे वगैरे माहिती साठवणारी) शेजारी नसेल तर तो सुरुवातीलाच थांबतो. सोबतच्या डीएलएल फाइलींचेही (त्यांत प्रोग्रॅमला लागणारी तयार फंक्शने असतात) तेच. आणि एसडीएल २ ची डीएलएल नाव बदलून एसडीएल १.२ च्या जागी ठेवण्याचा उद्योग करू नये, दोन्हींतली फंक्शने वेगळी आहेत.

एक्सपीवर चुकीची आवृत्ती चालवली की येणारे संदेश सारखेच वाटतात, पण त्यांचे अर्थ वेगवेगळे आहेत. 'नॉट अ व्हॅलिड विन३२ ॲप्लिकेशन' आला तर फाइल एकतर ६४ बिटची आहे, किंवा तिच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या माहितीत) किमान विंडोज ६.० म्हणजे व्हिस्टा असे लिहिले आहे (एक्सपी म्हणजे ५.१). काही जण हेक्स एडिटरने हा आकडा बदलतात. त्याने पहिले दार उघडते, पण प्रोग्रॅमला व्हिस्टानंतरची फंक्शने हवी असतील तर लगेच दुसरा संदेश येतो: 'प्रोसीजर एंट्री पॉइंट... कुड नॉट बी लोकेटेड'. त्यात गेटटिककाउंट६४ सारखे नाव आणि कर्नेल३२ डीएलएल दिसले की तो प्रयत्न तिथेच सोडावा. ते फंक्शन एक्सपीत नाही, आणि दुसऱ्या विंडोजची कर्नेल३२ आणून बसवली तर संगणक सुरू होणार नाही. तिसरा संदेश, 'ॲप्लिकेशन कॉन्फिगरेशन इज इनकरेक्ट', मात्र दिलासा देणारा आहे. व्हिज्युअल सी प्लस प्लस २००५ किंवा २००८ चा रनटाइम (त्याने बांधलेल्या प्रोग्रॅमला लागणाऱ्या फाइलींचा संच) बसवलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. मायक्रोसॉफ्टचे अधिकृत पॅकेज बसवले की काम होते. सुट्या डीएलएल फुकट वाटणाऱ्या ठिकाणांवरून ती घेऊ नये, तिथून व्हायरस येतात.

चौथा प्रकार सर्वांत फसवा: प्रोग्रॅम सुरू होतो आणि क्षणात कोसळतो. कारण बहुधा प्रोसेसर असतो. २०१२ पासून व्हिज्युअल स्टुडिओ आपण होऊन एसएसई२ या प्रोसेसरच्या जादा सूचना वापरतो. पेंटियम ४ मध्ये त्या आहेत, पेंटियम ३ आणि ॲथलॉन एक्सपीमध्ये नाहीत. अशा प्रोसेसरला विंडोज कितीही वेळा नव्याने टाकली तरी फरक पडणार नाही, जुन्या कंपायलरची आवृत्तीच शोधावी लागेल. शंका असेल तर डिपेंडन्सी वॉकर हे मोफत साधन वापरावे. एक्झी त्यात उघडली की नसलेली फंक्शने लाल खुणेने दिसतात. एसएसई२ ची अडचण मात्र ते दाखवत नाही.

पोर्ट हे फक्त इंजिन आहे, नकाशे आणि चित्रे वॅड फाइलमध्ये असतात. शेअरवेअर डूमची १.९ आवृत्तीची वॅड ४१,९६,०२० बाइटची असते आणि ती न बदलता मोफत वाटायला परवानगी आहे. विकत घ्यायच्या अल्टिमेट डूमची वॅड १,२४,०८,२९२ बाइटची, डूम २ ची १,४६,०४,५८४ बाइटची. प्रॉपर्टीजमध्ये आकडा जुळवून पाहावा. अलीकडच्या पुनर्प्रकाशनांतल्या काही वॅडमध्ये रुंद पडद्यासाठी नवी चित्रे घातली आहेत. ती मूळ इंजिनाच्या जवळ राहणाऱ्या पोर्टला पेलत नाहीत आणि 'बॅड व्ही ड्रॉपॅच' असा दोष येतो. तेव्हा पोर्ट बदलत बसू नये, १.९ ची मूळ वॅड आणावी. पैसे खर्चायचे नसतील तर फ्रीडूम ही मुक्त परवान्याची वॅड आहे, तिच्यासाठी एमबीएफ किंवा प्रबूम-प्लससारखा मर्यादा काढलेला पोर्ट घ्यावा. डूम आणि फ्रीडूम दोन्ही खेळ रक्तपाताचे आहेत, हे घरात लहान मुले असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

चित्राबद्दल थोडेसे. ३२० बाय २०० चे मूळ चित्र ४:३ च्या पडद्यावर दाखवायचे असते, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा १.२ पट उंच. रुंद एलसीडीवर ते ताणले की राक्षस बुटके दिसतात. अशा वेळी पोर्टमध्ये गुणोत्तराची दुरुस्ती चालू करावी किंवा जुना चौकोनी मॉनिटर लावावा. रंग अचानक जांभळे-हिरवे झाले तर २५६ रंगांच्या पॅलेटचा घोळ आहे. एसडीएल १.२ च्या पोर्टमध्ये 'एसडीएल व्हिडिओड्रायव्हर' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमत (नावातल्या दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर) विनडिब आणि डायरेक्टएक्स अशी आलटून पालटून पाहावी.

या फाइली त्याच संगणकावर उतरवायला जाऊ नये. एक्सपीच्या इंटरनेट एक्सप्लोररला आजच्या सुरक्षित जोडणीचे नियम समजत नाहीत, त्यामुळे बहुतेक ठिकाणे उघडतच नाहीत. शिवाय एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच थांबले. असा संगणक इंटरनेटला जोडूच नये. नव्या संगणकावर प्रकल्पाच्या मूळ ठिकाणाहून झिप घ्यावी, तिथेच व्हायरससाठी तपासावी आणि सीडीवर उतरवून आणावी. पेन ड्राइव्ह वापरायचा तर विंडोज ९८ ला त्याचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि ड्राइव्ह फॅट३२ असावा लागतो, एनटीएफएस ती वाचत नाही.

शेवटी दोन मागण्या. पोर्ट लिहिणाऱ्यांत मराठी तरुणही असतील. त्यांनी जुन्या आवृत्त्यांच्या झिप काढून टाकू नयेत आणि प्रत्येक आवृत्तीच्या रीडमीमध्ये किमान विंडोज आणि किमान प्रोसेसर स्पष्ट लिहावा. जमल्यास व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ च्या एक्सपी टूलसेटने, एसएसई२ बंद ठेवून, एक जादा फाइल बांधावी. आणि आपल्या पुरवणीत जुन्या खेळांवर मजकूर येतो तेव्हा नुसते 'अमुक पोर्ट डाउनलोड करा' न छापता पोर्टचा आवृत्ती क्रमांक, विंडोजचे नाव सर्व्हिस पॅकसह आणि वॅडचा आकार बाइटमध्ये, एवढे तीन तपशील जरूर छापावेत.

आपले,
जुने संगणक दुरुस्त करणारे दोन वाचक,
सांगली