मार्गदर्शनाच्या पानावर गृहविज्ञानही हवे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की वृत्तपत्रांत 'पुढे काय?' या विषयावर भरभरून लिहिले जाते. अभियांत्रिकी, फार्मसी, विधी, डेटा सायन्स सगळे येते. गृहविज्ञानाला मात्र चार ओळीही मिळत नाहीत. नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी हा विषय शिकवते, म्हणून हे पत्र.

प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात, "मॅडम, पोळ्या लाटायला डिग्री कशाला?" मला त्यांचा राग येत नाही. या विषयात काय शिकवतात हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. आहार व पोषण, मानव विकास, वस्त्रशास्त्र, संसाधन व्यवस्थापन आणि विस्तार शिक्षण (हे ज्ञान लोकांपर्यंत पोहोचवण्याचे शास्त्र) या त्याच्या मुख्य शाखा. पोषण शिकायचे तर जीवरसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र चुकत नाही. या विषयाचा पाया घालणाऱ्या अमेरिकेच्या एलेन स्वॅलो रिचर्ड्स मुळात रसायनशास्त्रज्ञ होत्या. १८७३ मध्ये तिथल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पिण्याचे पाणी आणि अन्नातली भेसळ तपासणे हे त्यांचे काम होते.

आता नोकरीचे. जिल्हा परिषदेच्या अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या जाहिरातीत गृहविज्ञान, बालविकास, पोषण या पदव्यांचा नावानिशी उल्लेख असतो. जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतल्या पाड्यांवर कुपोषित बाळाचे वजन का वाढत नाही, घरातल्या नागलीचे, म्हणजे नाचणीचे, त्याला काय करून भरवायचे, हे आईला तिच्या भाषेत समजावणारी प्रशिक्षित मुलगी तिथे हवी आहे. इतकी निकड मला दुसऱ्या कुठल्या कामात दिसत नाही. जिल्ह्यात द्राक्ष, टोमॅटो, कांद्यावर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत, तिथे गुणवत्ता तपासणीची कामे असतात. वस्त्रशास्त्र शिकलेल्यांसाठी येवल्याची पैठणी हाकेच्या अंतरावर आहे.

मात्र पालकांना अर्धवट चित्र दाखवू नये. नुसत्या पदवीवर रुग्णालयात आहारतज्ज्ञ होता येईल असे कुणी सांगत असेल तर ते खरे नाही. 'रजिस्टर्ड डायटिशियन' व्हायचे तर पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातली इंटर्नशिप आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा हा रस्ता आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने पोषणतज्ज्ञांना आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे, त्यामुळे रीतसर शिक्षणाचे मोल वाढणारच. प्राध्यापक व्हायचे तर नेट परीक्षेत गृहविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. चार वर्षांचा सामुदायिक विज्ञानाचा (कृषी विद्यापीठांत गृहविज्ञानाचे हेच नवे नाव) पदवी अभ्यासक्रम परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या एसएनडीटी विद्यापीठातही हा विषय शिकवला जातो. ग्रामीण भागातल्या कितीतरी मुलींच्या कानावर यातले काहीच पडत नाही आणि जवळच्या कॉलेजात जे मिळेल ते त्या घेतात.

माझी विनंती एवढीच: यंदा प्रवेश सुरू होण्याआधी या शाखेवर एक सविस्तर लेख छापावा. त्यात शुल्क, पात्रता आणि प्रवेशाच्या तारखा असाव्यात. शिकून नोकरीला लागलेल्या जिल्ह्यातल्या दोन-तीन मुलींशी आपल्या वार्ताहरांनी बोलावे. शिक्षिकेच्या सांगण्यापेक्षा त्यांच्या बोलण्यावर पालकांचा विश्वास लवकर बसेल.

आपली,
एक गृहविज्ञान शिक्षिका, नाशिक