छोट्या हेलिकॉप्टरनंतर थेट मोठे नको

मा. संपादक,

खोलीत उडवायच्या रिमोटच्या हेलिकॉप्टरवर हात बसला की अनेक जण घाईने थेट मोठे, मैदानात उडवायचे हेलिकॉप्टर घेतात. ही घाई टाळावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. नवशिक्यांच्या यंत्राला एकावर एक असे दोन पंखे असतात, ते परस्परविरुद्ध दिशांनी फिरून एकमेकांचा पीळ, म्हणजे यंत्राला गरगर फिरवू पाहणारा जोर, रद्द करतात आणि वरच्या पंख्याला जोडलेली वजनदार दांडी तोल सावरते, त्यामुळे रिमोटची काडी सोडली तरी ते जवळपास जागीच तरंगते. हे स्थैर्य यंत्राचे असते, उडवणाऱ्याचे नव्हे.

म्हणून पुढची पायरी एक मुख्य पंखा आणि शेपटीला छोटा पंखा असलेले, पात्यांचा कोन न बदलणारे चार चॅनेलचे, म्हणजे रिमोटवरून चार वेगवेगळे आदेश घेणारे, हलके यंत्र हीच असावी. उलटेही उडू शकणारे सहा चॅनेलचे यंत्र त्यानंतर. शेपूट आपल्याकडे ठेवून तरंगणे जमले, की नाक आपल्याकडे वळवून सराव करावा. खरी कसोटी इथेच लागते. यंत्र डावीकडे सरकले की बोट सवयीने काडी उजवीकडे ढकलते आणि यंत्र आणखी डावीकडे जाऊन भिंतीवर आदळते. काडी खरे तर यंत्र सरकते त्याच बाजूला न्यायची असते. हा सराव आधी संगणकावरील सिम्युलेटरवर करावा, तिथे पाते मोडत नाही.

या यंत्रांच्या लिथियम पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करू नये, ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये, आणि चार्जिंग चालू असताना जवळून हलू नये.

– एक वाचक