सहज सुटणारं म्हणून विकलेलं किचन सोडताना मोडल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

संदर्भ : १) आपली पावती व माहितीपत्रक, २) ऑर्डरच्या वेळचे व्हॉट्सॲप संदेश, ३) आपल्या ग्राहक सेवा केंद्राचं ईमेलवरचं उत्तर.

महोदय,

मी महसूल खात्यात अव्वल कारकून आहे. आमच्या नोकरीत बदली टळत नाही. २००५ च्या बदली कायद्यानुसार ती सर्वसाधारणपणे एप्रिल-मे महिन्यात होते, म्हणजे परभणी जिल्ह्यात पारा चाळिशीच्या पुढं असताना सामान बांधायचं. भाड्याच्या घरात कडप्प्याचा ओटा तयार मिळतो, पण ओट्याखाली आणि वर भिंतीला काहीच नसतं. सुताराकडून जागेवर ट्रॉल्या करून घेतल्या तर त्या घरमालकाच्या होतात. म्हणून सेलूला असताना आम्ही आपल्या कंपनीचं सुट्या भागांचं किचन घेतलं. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘घर बदला, किचन सोबत न्या’. खाली ‘जर्मन पद्धतीची फिटिंग’ असंही होतं. जगात जर्मनी आणि भारतात परभणी असं आम्ही अभिमानानं म्हणतो, तेव्हा ते वाचून मंडळींना बरंच वाटलं.

तरीही मी छापील मजकुरावर विसंबलो नाही. पैसे भरण्यापूर्वी आपल्या प्रतिनिधींना लिहून विचारलं की नोकरी बदलीची आहे, दर काही वर्षांनी हे उघडून दुसऱ्या घरात बसवायचं आहे, ते जमेल का. उत्तर आलं, ‘शंभर टक्के सर’. हा संदेश सोबत जोडला आहे आणि माझी सगळी तक्रार त्यावरच उभी आहे.

या मे महिन्यात गंगाखेडला बदली झाली. घर रिकामं करायला घेतलं तेव्हा गावातल्या सुतारमामांना बोलावलं. त्यांनी एका कपाटाचे सगळे कॅम (फळ्या जोडून धरणाऱ्या फिरत्या चकत्या) सोडले, फळी दोन्ही हातांनी हलवून पाहिली आणि म्हणाले, “भाऊसाहेब, हे जोडलेलं नाही, चिकटवलेलं हाये. सोडायचं कसं, फोडावंच लागंल.” पुढं तसंच झालं.

आता नेमकं काय झालं ते सविस्तर लिहितो, कारण फोनवर बोललेल्या आपल्या प्रत्येक माणसाला ते पहिल्यापासून सांगावं लागलं आणि तरी एकाच्याही नोंदीत ते उतरलं नाही.

आपल्या कपाटांची चौकट १८ मिलिमीटर जाडीच्या पार्टिकल बोर्डाची आहे. पावतीवर तसं लिहिलेलं आहे, बोर्डावर आयएस १२८२३ ची, म्हणजे अशा बोर्डाच्या भारतीय मानकाची, खूणही आहे, म्हणून बोर्डाच्या प्रकाराबद्दल माझी तक्रार नाही. स्वस्तात प्लायवूड मिळेल अशी अपेक्षाही नव्हती. पण या बोर्डाचा स्वभाव आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. तो लाकडाच्या भुशाचा आणि चिपांचा दाबून केलेला असतो. त्यात थेट पिळलेला साधा स्क्रू एकदा घट्ट बसतो, पण काढून पुन्हा बसवला की भोकातले आटे झडतात आणि स्क्रू नुसता गरगर फिरतो. म्हणूनच सोडायच्या कपाटात कॅम असतो. एका फळीत बोल्ट, दुसरीत १५ मिलिमीटर व्यासाची चकती. चकती स्क्रू ड्रायव्हरनं साधारण अर्धा फेरा फिरवली की ती बोल्टचं डोकं ओढून धरते, उलटी फिरवली की सोडते. बोर्डाला धक्का लागत नाही. सोबतच्या ८ मिलिमीटरच्या लाकडी खुंट्या फक्त फळी जागेवर ठेवण्यासाठी असतात. त्यांना गोंद लावायचाच असेल तर एकाच बाजूला लावावा, दुसरं टोक कोरडं ठेवावं, हे सुतारमामांना शाळेत न जाता ठाऊक आहे.

आपल्या फिटरनं दोन्ही टोकांना गोंद भरला. गोंदाची बाटली खोक्यातच आली होती, म्हणजे ती कल्पना त्याची एकट्याची नसावी. आमच्या सौभाग्यवतींनी त्या वेळीच विचारलं होतं, “दादा, हे पुन्हा सोडायचं आहे, गोंद कशाला?” त्यावर उत्तर मिळालं, “काकू, वर माणूस उभा राहिला तरी हलणार नाही.” ते मात्र खरं निघालं. खुंट्या बाहेर आल्या त्या बोर्डाचा पापुद्रा घेऊनच, आणि बाजूच्या फळ्यांना जागोजागी अंगठा जाईल एवढे खड्डे पडले. फोटो पाहावेत.

पाठीच्या फळीची गोष्ट जास्त लागते, कारण तिथं कंपनीनं काम बरोबर केलं होतं आणि फिटरनं बिघडवलं. बाजूच्या फळ्यांना मागं खाच कापलेली आहे. पातळ फळी वरून त्या खाचेत सरकवायची, वरची पट्टी कॅमनं बसवायची, झालं. ही फळी कपाट गुण्यात, म्हणजे काटकोनात, ठेवते, नाहीतर ते तिरपं होतं आणि दारं एकमेकांना घासतात. एवढी चांगली सोय असताना भल्या माणसानं वरून चहूबाजूंनी खिळे मारले. ते उपटताना खाचेची कड मोडली. आता नवी फळी दिली तरी ती धरून ठेवायला खाच उरलेली नाही, म्हणून फक्त पाठीच्या फळ्या पाठवून भागणार नाही.

शेजारची दोन कपाटं एकमेकांना जोडायला दोन्ही बाजूंनी फिरणारा बोल्ट असतो. आपल्या पुस्तिकेत त्याचं चित्र आहे, पिशवीत बोल्ट नव्हते. त्याऐवजी काळे स्क्रू ठोकले, जे पीओपीवाले जिप्समच्या पाट्यांना वापरतात. एका ठिकाणी तर स्क्रूचं टोक आतल्या बाजूनं बाहेर आलं होतं, मसाल्याचे डबे ठेवतो तिथं. ते पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं; त्यावर प्लास्टिकची टोपी बसवून मिळाली. चौकटीतही जिथं जाड, खोल आट्यांचे ७ बाय ५० मिलिमीटरचे स्क्रू हवेत तिथं हेच काळे. ओल लागली की ते गंजतात, आणि गंजलेला स्क्रू पिळला की त्याचं डोकं तुटून हातात येतं.

ओलीवरून सिंकखालच्या कपाटाकडे येतो. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते देशानं पाहिलं. बाकीच्या मराठवाड्यातही पिंपं, बादल्या आणि कॅन यांनी स्वयंपाकघराचा एक कोपरा कायमचा अडवलेला असतो. पाणी आलं की भराभरी, सांडलवंड ठरलेली. इथं विकायचं तर हे धरूनच विकायला हवं. आपल्या फिटरनं पाइपसाठी पाठीला आणि तळाला गोल भोकं पाडली, कापलेल्या कडा तशाच उघड्या सोडल्या आणि भोकातून पाइप ओवून वर सिलिकॉन भरलं. त्याचे दोन परिणाम झाले. तळाची फळी भिजलेल्या भाकरीसारखी फुगली. आणि पाइप कापल्याशिवाय कपाट जागचं हलेना. भोकाऐवजी मागच्या कडेपर्यंत उघडी खाच ठेवली असती, तिच्या कडांना पट्टी लावली असती, तर कपाट सरळ पुढं ओढता आलं असतं. घरमालकांनी पाइप कापायला नकार दिला (त्यांच्या जागी मीही दिला असता), म्हणून ते कपाट सेलूतच ठेवून यावं लागलं.

भिंतीवरच्या कपाटांना पट्टी आणि हूक मिळेल असं पत्रकात होतं. पट्टी भिंतीला, हूक कपाटाला, उचललं की निघालं. प्रत्यक्षात पाठीतून भिंतीत स्क्रू आणि सगळ्या कडेनं सिलिकॉन. सुतारमामांनी कटरनं कापत कापत ती अखंडच उतरवली आणि तशीच छोट्या हत्तीत चढवली. सपाट फळ्यांच्या गठ्ठ्यात आलेलं किचन पेट्यांच्या आकारात गेलं, त्यामुळं टेम्पोला दुसरी खेप करावी लागली.

बिजागऱ्यांबद्दल मात्र चांगलंच लिहायला हवं. मागची खटकी दाबली की दार हातात येतं, पुन्हा लावलं की त्याच जागी बसतं. ड्रॉवरच्या चॅनेलचंही तसंच, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या दाबल्या की ड्रॉवर बाहेर. पायही स्क्रूसारखे फिरून खालीवर होणारे आहेत, फरशीचा उतार त्यांनी सांभाळला. म्हणजे सुटं होणारं सामान कसं करतात हे आपल्या कारखान्याला येतं. कारखान्याबाहेर, माझ्या घरात, ते कुणी बघितलं नाही.

आपल्या ग्राहक सेवा केंद्राच्या उत्तरात तीन गोष्टी आहेत. पहिली, मजबुतीसाठी गोंद लावणं ही ‘प्रचलित पद्धत’ आहे. असेल, कायमच्या कपाटासाठी. मी काय मागितलं होतं ते लेखी आहे. दुसरी, वस्तू मूळ जागेवरून हलवल्यामुळं वॉरंटी संपली. महोदय, हे वाक्य आणि ‘घर बदला, किचन सोबत न्या’ हे वाक्य आपण एकाच कागदावर छापून दाखवावं. जी वस्तू हलवण्यासाठीच विकली, ती हलवली म्हणून जबाबदारी संपते, असा आदेश आमच्या कार्यालयातून निघाला असता तर अपिलात पहिल्या तारखेला रद्द झाला असता. तिसरी, नवा संच घेतल्यास सवलत. त्याबद्दल काही लिहीत नाही.

आणखी एक, पुस्तिकेबद्दल. जोडायची चित्रं पानोपानी आहेत, सोडायचा एक शब्द नाही. आधी दारं, मग ड्रॉवर आणि फळ्या, मग शेजारच्या कपाटांचे बोल्ट, मग भिंत, मग वरची पट्टी आणि पाठ, आणि शेवटी बाकीचे कॅम, एवढा क्रम अर्ध्या पानात बसतो. फळ्यांवरचे नंबरचे स्टिकरही फिटरनं ‘घाण दिसतं’ म्हणून सोलून टाकले. आता कुठली बाजू कुठल्या कपाटाची हे भोकांची मापं जुळवून शोधत बसलो आहे.

खात्याच्या सवयीनं मोडलेल्या भागांचा पंचनामा केला आहे. पंच म्हणून सुतारमामा आणि घरमालक यांच्या सह्या आहेत. त्याला कायद्यानं किती वजन आहे ते मला माहीत आहे, पण फळी-फळीची नोंद त्यात आहे, म्हणून जोडतो.

माझी मागणी अशी. खराब झालेल्या बाजू, तळ आणि पाठीच्या फळ्या त्याच रंगाच्या आणि त्याच मापाची भोकं पाडलेल्या मिळाव्यात. सिंकचं कपाट पूर्ण बदलून मिळावं, मागं उघडी खाच आणि कडा बंद केलेल्या. जिथं वारंवार सोडायचं आहे तिथं बोर्डात धातूचे आटेवाले बुश बसवून त्यात मशीनचे स्क्रू द्यावेत, म्हणजे आट्यांची झीज बोर्डावर येणार नाही. कपाटं जोडायचे बोल्ट आणि भिंतीची पट्टी जे छापलं आहे तेच यावं. बसवणी गोंदाशिवाय व्हावी, आणि फिटरनं निघण्यापूर्वी एक कपाट माझ्यासमोर पूर्ण सोडून पुन्हा जोडून दाखवावं. प्रत्येक फळीच्या आतल्या बाजूला न पुसणारा नंबर आणि सोडण्याच्या क्रमाचा मराठीत कागद द्यावा. घर बदललं तरी वॉरंटी कायम राहील असं लेखी कळवावं. सुताराची मजुरी आणि टेम्पोच्या जादा खेपेचं भाडं पावत्यांप्रमाणे परत मिळावं. पूर्ण किमतीचा परतावा मी मागत नाही. मला किचन हवं आहे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावं. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथं राहतो तिथं दाद मागता येते, त्यासाठी आपल्या शहरात यावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या किमतीला आयोगाची फीही नाही. दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतली त्रुटी, दोन्ही मुद्दे त्यात घेईन.

आपला ग्राहक,
(सही)
गंगाखेड, जि. परभणी

सोबत : पावतीची झेरॉक्स, माहितीपत्रक, व्हॉट्सॲप संदेशांची प्रत, आपलं उत्तर, फोटो, पंचनामा, सुतार व टेम्पोच्या पावत्या.

ता. क. : फिटर पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून पाठवा. नळाला पाणी येण्याचा दिवस असेल तर ओट्यापाशी उभं राहायला जागा नसते. आणि तो मागचा फिटर नको.