ओरखडे पडले म्हणून लगेच गाडीला रंग मारू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाडीवर ओरखडे दिसले की गॅरेजवाला असो नाहीतर शेजारचे काका, सल्ला ठरलेला, पूर्ण पेंट मारून घ्या, इन्शुरन्स आहे ना! मी बरीच वर्षं पिंपरी-चिंचवडमध्ये गाड्यांच्या पॉलिशिंगचं काम करतोय आणि हे ऐकून खरंच जीव तुटतो, कारण अशा कितीतरी गाड्यांचा कंपनीचा रंग मशीन पॉलिशने वाचला असता.

आजकालच्या बहुतेक गाड्यांना पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर असतो, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, आपले पेंटर ज्याला लॅकर म्हणतात तो. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० च्या आसपास. उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात ना, त्या जवळपास सगळ्या ह्या वरच्या थरातच असतात, खालच्या रंगाला काहीच झालेलं नसतं. घरच्या घरी बघायचं असेल तर ओरखड्यावर पाणी टाका, रेघ दिसेनाशी झाली तर पॉलिशने जाण्यासारखी आहे, नख अडकत असेल तर ती खोल आहे, ती पूर्ण जाणार नाही, आणि पांढरा प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल तर मात्र तिथे टचअप किंवा पेंटच करावा लागतो.

कंपनीत रंग साधारण १४० डिग्रीला भाजला जातो कारण तेव्हा नुसती बॉडी असते, गॅरेजमध्ये प्लॅस्टिक, वायरिंग सगळं बसवलेलं असतं म्हणून ६० च्या आसपासच थांबावं लागतं, मेटॅलिक शेड जुळवणं तर अजून कठीण. पुढे गाडी विकायला काढली की घेणारा रंगाची जाडी मोजणारं मीटर लावतो, एखाद्या पॅनलवर २०० मायक्रॉनच्या वर रीडिंग आलं की पहिला प्रश्न ॲक्सिडेंट झाला होता का. शिवाय क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट जाते, जी सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत पोचलेली असते.

मागे आमच्याकडे एक काळी सेडान आली होती, बाहेर पूर्ण रंग मारायला सांगितलेलं, मालक वैतागलेले. आम्ही गाडी नीट धुतली, क्ले बार, म्हणजे मातीसारखी मऊ वडी फिरवून रंगात रुतलेली धूळ आणि लोखंडाचे कण काढले, रबर आणि प्लॅस्टिकला टेप लावली, मीटरने प्रत्येक पॅनल मोजला आणि मग बोनेटच्या एका छोट्या तुकड्यावर आधी सगळ्यात मऊ पॅड आणि फाइन पॉलिश मारून बघितलं, त्याने भागलं नाही म्हणून मायक्रोफायबर पॅड आणि कंपाउंडवर, म्हणजे जास्त कापणाऱ्या पॉलिशवर गेलो. हा क्रम उलटा करायचा नाही, कारण कंपाउंड रेघ भरत नाही तर रेघेच्या बाजूचा क्लिअर कोट झिजवून सपाट करतं, आणि तो गेला की परत येत नाही, नंतर टपावर आणि बोनेटवर पांढरे चट्टे पडून पापुद्रे निघायला लागतात. मशीनही ड्युअल ॲक्शन, म्हणजे पॅड फिरवता फिरवता हलवणारं वापरलं, नुसतं गोल फिरणारं रोटरी लवकर कापतं पण एका जागी गरम होतं आणि कडांवर, जिथे रंग मुळातच पातळ असतो, तिथे नवशिक्याच्या हातून क्षणात रंग उडतो. दोन दिवसांनी त्या काळ्या रंगात समोरची बिल्डिंग स्वच्छ दिसत होती. दारावर किल्लीची एक खोल रेघ होती ती राहिली, नुसत्या कडा बोथट झाल्यामुळे लांबून कळत नाही, आणि हे मालकांना आधीच सांगितलेलं होतं.

शेवटी सीलंट, म्हणजे रंगावरचा संरक्षक लेप लावला. तो काही महिने टिकतो, त्याहून कडक असं सिरॅमिक कोटिंग नीट सांभाळलं तर काही वर्षं, पण दोन्हीचं काम ऊन, पक्ष्यांची घाण, बोअरच्या पाण्याचे डाग यापासून रंग वाचवणं एवढंच आहे, ओरखडे पडणारच नाहीत असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो तासाभरात स्वस्तात होणाऱ्या रबिंग पॉलिशचा. तेलकट ग्लेझ रेघांमध्ये भरतात, ट्यूबलाइटखाली गाडी चमकते, दोन-चार वेळा शाम्पूने धुतली की रेघा पुन्हा वर! म्हणून डिलिव्हरी नेहमी उन्हात घ्या किंवा टॉर्च मारून बघा, पॅनल आयपीए स्प्रेने (आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्याने तेलकटपणा निघतो) पुसून दाखवायला सांगा आणि कामाच्या आधीचं व नंतरचं मीटर रीडिंग बिलावर लिहून मागा. प्लॅस्टिक बंपरवर साधं मीटर चालत नाही, ते सोडून बाकी सगळ्या पॅनलचं मागा.

आणि ह्या रेघा येतात कुठून तर रोजच्या पुसण्यातून. पुण्यात सगळीकडे बांधकामाची धूळ, तिच्यावर सकाळी कोरडं पिवळं फडकं फिरतं, एका बादलीत सगळ्या मजल्यांच्या गाड्या होतात. पुसणाऱ्या दादांना दोष देऊ नका, महिन्याला आपण त्यांना देतो किती? सोसायटीने मायक्रोफायबरची फडकी आणि दोन बादल्या द्याव्यात, एक शाम्पूची, एक फडकं खळबळायची, आणि रोज कोरडं पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर पाणी मारून धुवायला सांगावं. दसऱ्याला पूजेनंतर हळद-कुंकू पाण्याने वाहून जाऊ द्या, रगडू नका, हाराची तार बोनेटला घासणार नाही एवढं बघा. तुमच्या पेपरातून हे दसऱ्याच्या आधी सोसायट्यांपर्यंत पोचलं तर फार बरं होईल.

– एक वाचक, चिंचवड