सिटी स्कॅनच्या चिठ्ठीला नियम हवा: सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: राज्यातील रुग्णालयांत एक्स-रे व सिटी स्कॅनसाठी तपासणी-मार्गदर्शिका लागू करण्याबाबत

माननीय मंत्री महोदय,

राज्यातल्या प्रत्येक सिटी स्कॅन यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. भिंतींची जाडी, दाराला शिसे, दर दोन वर्षांनी गुणवत्ता चाचणी, कर्मचाऱ्यांच्या छातीवर किती किरण लागले ते मोजणारा टीएलडी बॅज, सगळे ठरलेले आहे. तंत्रज्ञाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टपेक्षा (शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या डोसचे माप) जास्त डोस चालत नाही. रुग्णाला अशी मर्यादा नाही, आणि ती नसणेच योग्य आहे. उपचारासाठी गरज असेल तर स्कॅन करावाच लागतो. पण मर्यादा नाही म्हणून सगळा भार एका प्रश्नावर येतो: या रुग्णाला ही तपासणी खरोखर लागते का? हा प्रश्न लेखी विचारणारी व्यवस्था आपल्या बहुतेक रुग्णालयांत नाही. चिठ्ठीवर 'सिटी ब्रेन' एवढे दोन शब्द आले की रुग्ण टेबलावर जातो.

छातीच्या एका एक्स-रेमध्ये ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट डोस मिळतो. डोक्याच्या सिटीत साधारण २, पोट आणि ओटीपोटाच्या सिटीत ८ ते १०. निसर्गातून माणसाला वर्षभरात जागतिक सरासरीने २.४ मिळतो. तोच पोटाचा स्कॅन 'ट्रिपल फेज', म्हणजे एकाच भागावर तीनदा, केला की डोस जवळजवळ तिप्पट होतो. एका स्कॅनचा धोका मोठ्या माणसाला फार छोटा असतो, आणि गरजेचा स्कॅन भीतीने टाळणे त्याहून कितीतरी वाईट. लहान मुलांचे गणित मात्र वेगळे आहे. ब्रिटनमध्ये लहानपणी किंवा तरुणपणी सिटी झालेल्या सुमारे १ लाख ८० हजार जणांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूला एकूण ६० मिलिग्रेच्या (अवयवाने शोषलेल्या किरणांचे माप) आसपास डोस मिळालेल्यांत, म्हणजे डोक्याचे दोन-तीन स्कॅन झालेल्यांत, मेंदूच्या गाठींचे प्रमाण सुमारे तिप्पट आढळले. आजार मुळात दुर्मीळ असल्याने प्रत्यक्ष रुग्णसंख्या छोटी आहे. तरीही विनाकारण स्कॅनसाठी एवढीही किंमत मोजायचे कारण नाही.

मार्गदर्शिका म्हणजे नेमके काय, हे अपघात विभागातल्या एका नेहमीच्या प्रसंगावरून सांगतो. चार वर्षांचे मूल पलंगावरून पडले आहे. आईवडील घाबरलेले, निवासी डॉक्टर एकटा. 'पीकार्न' नावाचे निकष २००९ मध्ये ४२ हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासातून तयार झाले. दोन वर्षांवरील मूल पूर्ण शुद्धीत आहे, बेशुद्ध पडले नव्हते, उलटी नाही, जोराची डोकेदुखी नाही, कानामागे निळसर डाग किंवा कानानाकातून पाणी अशी कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरची खूण नाही, आणि ते पाच फुटांपेक्षा जास्त उंचीवरून पडलेले नाही, तर मेंदूला गंभीर इजा असण्याची शक्यता दोन हजारांत एकापेक्षाही कमी असते. सिटीची गरज नाही. नुसती उलटी झाली असेल तर चार ते सहा तास निरीक्षण. शुद्ध हरपत असेल किंवा फ्रॅक्चरची खूण असेल तर तत्काळ सिटी. हा मजकूर एका पानावर मावतो. ते पान भिंतीवर असेल आणि त्याखाली शासनाचा शिक्का असेल, तर त्या निवासी डॉक्टरला आईवडिलांना धीर देता येतो आणि उद्या कोणी जाब विचारला तर उत्तरही देता येते. स्वतःच्या बचावासाठी लिहिले जाणारे स्कॅन याच आधाराअभावी लिहिले जातात.

जगात हे नवीन नाही. ब्रिटनच्या रेडिओलॉजिस्टांच्या रॉयल कॉलेजने अशी मार्गदर्शिका १९८९ मध्ये काढली, युरोपीय देशांना १९९७ च्या निर्देशाने ती बंधनकारक झाली. आपल्याला सगळे शून्यापासून लिहायचे नाही. आपल्या रुग्णालयांत काय उपलब्ध आहे, ते पाहून निवड करायची आहे.

आणि अडचण नेमकी या उपलब्धतेत आहे. तरुण रुग्णाला मुतखड्याची कळ आली किंवा उजव्या कुशीत दुखत असेल, तर पहिली तपासणी सोनोग्राफी, हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असते. पण रात्री अकरा वाजता जिल्हा रुग्णालयात सोनोग्राफी करणारा नोंदणीकृत डॉक्टर नसतो. सिटी चालवायला तंत्रज्ञ हजर असतो, चित्रे टेलिरेडिओलॉजीने, म्हणजे इंटरनेटवरून पाठवून, दुसऱ्या शहरात वाचली जातात. म्हणून ज्या तपासणीत शून्य किरण आहेत ती सकाळपर्यंत थांबते आणि ८-१० मिलिसिव्हर्टची लगेच होते. नुसता आदेश काढून हे बदलणार नाही. रात्रपाळीला सोनोग्राफीची सोय करावी लागेल. ती होईपर्यंत मुतखड्यासाठी कमी डोसचा साधा स्कॅन, ३ ते ४ मिलिसिव्हर्टच्या आतला, हाच प्रोटोकॉल यंत्रात भरून ठेवता येईल.

पैशाचाही प्रश्न आहेच. जिथे सिटी खाजगी भागीदारीत चालतो आणि संस्थेला प्रत्येक स्कॅनमागे पैसे मिळतात, तिथे नको असलेला स्कॅन थांबवण्यात कोणाचाच फायदा नसतो. करारात एक कलम घाला: कारण लिहिलेले नसेल तर त्या स्कॅनचे देयक मंजूर होणार नाही. खाजगी क्षेत्रातल्या कट प्रॅक्टिसविरुद्ध, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल घेतल्या जाणाऱ्या कमिशनविरुद्ध, कायद्याचा मसुदा राज्याने २०१७ मध्ये तयार केला होता. तो पुन्हा हाती घ्यावा.

कारण लिहून घेणे अवघड आहे, हे आम्हाला पटत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. आज गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीला 'फॉर्म एफ' भरावा लागतो आणि त्यात तपासणीच्या कारणांची छापील यादी असते. किरण नसलेल्या तपासणीला आपण ही शिस्त लावू शकलो. सिटीच्या चिठ्ठीवर चार गोष्टी सक्तीच्या करा: कोणता प्रश्न सोडवायचा आहे, आधी कोणती तपासणी झाली व केव्हा, स्त्री रुग्णाच्या शेवटच्या पाळीची तारीख, आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचे नाव व नोंदणी क्रमांक. कारण जुळत नसेल तर रेडिओलॉजिस्टने फोन करून तपासणी बदलावी. हा अधिकार त्याला शासन निर्णयात स्पष्ट शब्दांत द्यावा.

पाळीच्या तारखेबाबत थोडे अधिक. ती न विचारता स्कॅन होतो, नंतर गर्भ असल्याचे कळते आणि घाबरून गर्भपाताचा सल्ला दिला जातो. पोटाच्या एका सिटीत गर्भाला साधारण २५ मिलिग्रे पोहोचतात. १०० मिलिग्रेच्या खाली केवळ किरणांच्या कारणावरून गर्भपात करू नये, ही आंतरराष्ट्रीय भूमिका आहे. मार्गदर्शिकेत हे ठळक छापले पाहिजे.

योग्य कारणासाठी केलेला स्कॅनही खोलीत बिघडू शकतो. मुलाचा स्कॅन मोठ्यांच्या प्रोटोकॉलवर होतो. रुग्ण गॅन्ट्रीच्या, म्हणजे यंत्राच्या गोल कड्याच्या, बरोबर मध्यावर नसतो. मग टोपोग्राममध्ये (स्कॅनआधीच्या आखणीच्या चित्रात) शरीर खऱ्यापेक्षा मोठे दिसले की यंत्र आपोआप करंट, म्हणजेच किरण, वाढवते. पोटाच्या स्कॅनला हात डोक्यावर न घेता बाजूला राहिले तरी डोस वाढतो, शिवाय चित्रात पट्टे येतात. डिजिटल एक्स-रेची खोड वेगळीच. जुनी फिल्म जास्त किरणांनी काळी पडायची आणि चूक सर्वांना दिसायची. आता सॉफ्टवेअर उजेड दुरुस्त करते, कमी किरणांचे चित्र दाणेदार म्हणून परत येते, जास्त किरणांचे मात्र सुंदर दिसते. तक्रार एकाच बाजूने येत असल्याने एमएएस (किती किरण सोडायचे ते ठरवणारा आकडा) हळूहळू चढत जातो, आणि पुन्हा काढलेली चित्रे गुपचूप पुसली जातात. पडद्यावरचा एक्सपोजर इंडेक्स (चित्रासाठी किती किरण पोहोचले ते दाखवणारा आकडा) आणि रद्द चित्रांची संख्या महिन्यातून एकदा पाहिली तरी हे उघड होते.

सिटीनंतर पडद्यावर डीएलपी हा पूर्ण स्कॅनच्या किरणांचा आकडा येतोच. मोठ्या माणसाच्या पोटासाठी त्याला ०.०१५ ने गुणले की मिलिसिव्हर्ट मिळतात: ६०० असेल तर ९. हा डीएलपी प्रत्येक अहवालावर छापणे बंधनकारक करा. मग एकाच आजाराला दोन जिल्ह्यांत किती वेगवेगळा डोस दिला जातो हे कळेल, आणि राज्याची स्वतःची संदर्भ पातळी, म्हणजे कोणत्या तपासणीला साधारण किती डोस पुरतो, हे ठरवता येईल. रुग्णाला वरच्या रुग्णालयात पाठवताना फिल्मऐवजी डायकॉम (कोणत्याही रुग्णालयात उघडतील अशा प्रमाणित डिजिटल स्वरूपातली) चित्रे सोबत गेलीच पाहिजेत. आज चित्रे सोबत नसतात किंवा उघडत नाहीत म्हणून त्याच दिवशी तोच स्कॅन पुन्हा करावा लागतो.

सुरुवात सगळ्या तपासण्यांपासून करू नका. मुलांच्या डोक्याला मार, धोक्याची लक्षणे नसलेली कंबरदुखी, साधी डोकेदुखी, मुतखडा, अपेंडिक्सचा संशय आणि अतिदक्षता विभागातला रोजचा छातीचा एक्स-रे, या सहांची मार्गदर्शिका मराठी व इंग्रजीत काढा. आधी जिल्हा रुग्णालयांत लावा. दर महिन्याला प्रत्येक रुग्णालयात कोणत्याही पन्नास चिठ्ठ्या काढून जिल्हा शल्यचिकित्सक, रेडिओलॉजिस्ट आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी यांनी एकत्र तपासाव्यात. वैद्यकीय महाविद्यालये वेगळ्या विभागाकडे आणि मुंबईतली मोठी रुग्णालये महापालिकेकडे असल्याने, आदेश संयुक्त निघाला पाहिजे. मसुदा लिहायला आणि तंत्रज्ञांना प्रशिक्षण द्यायला आम्ही तयार आहोत. आपल्या विभागाने समिती नेमून तिला तीन महिन्यांची मुदत द्यावी, ही विनंती.

आपले,
राज्यातील क्ष-किरण विभागांत काम करणारे डॉक्टर, तंत्रज्ञ व वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ