होडीवाल्या मेस्त्री काकांना, गाडी भंगारात जाऊ न दिल्याबद्दल

मेस्त्री काका, तुम्हाला समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "गप रव रे" म्हणून दुसऱ्या कामाला लागता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, तुमचा मुलगा मोबाईलवर वाचून दाखवीलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे, दोन सीटची, टप उघडणारी, आपल्याच देशात बनलेली. स्पोर्ट्स कार म्हणायची पण इंजिन रेनॉचं 1149 सीसी, ताकद 60 हॉर्सपॉवर, मुंबईचे मित्र हसतात, हसू देत. मे महिन्यात चुलतभाऊ आला, एक राऊंड मारून येतो म्हणाला आणि एका हातात स्टेअरिंग, दुसऱ्या हातात मोबाईल, रील चालू, वळणावर गाडी थेट चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर. त्याला साधं खरचटलंही नाही. गाडीचं नाक उजवीकडून फुटलं, हेडलाईट लोंबायला लागला, रेडिएटर गळतोय आणि गडग्याचा मालक पडलेले चिरे मोजतोय. इन्शुरन्स नुसता थर्ड पार्टी, म्हणजे गडग्याची भरपाई त्यात बसते पण माझ्या गाडीचे शून्य!

पत्र्याची गाडी असती तर डेंटरने ठोकून काढली असती. ही बॉडी फायबरची. एका गॅरेजवाल्याने हातच वर केले, दुसऱ्याने जो आकडा सांगितला त्यात तशीच दुसरी जुनी गाडी आली असती. बाबा म्हणाले देऊन टाक भंगारात, आणि मी जवळपास तयारच होतो, तेवढ्यात बायको म्हणाली अहो मालवणात होड्या फायबरच्याच असतात ना, त्या कोण दुरुस्त करतं?

तुमच्याकडे आलो तो जुलैत. मासेमारी बंदी 31 जुलैला संपते, 1 ऑगस्टला सगळ्यांना होडी पाण्यात हवी, तुमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही. तरी तुम्ही, गाडी ज्यात घालून आणली होती त्या टेम्पोत चढलात, खिशातून नाणं काढलं आणि बॉनेटपासून टकटक करत निघालात. आवाज टणक आला की पुढे, बद्द आला की खडूचा गोल. मला भोक दिसत होतं हातभर, तुमचे गोल गेले दाराच्या बिजागरीपर्यंत, वरून रंग शाबूत पण आतले थर सुटलेले. हे दोन्ही गॅरेजवाल्यांपैकी एकानेही बघितलं नव्हतं बरं का.

आणि मग जे बोललात त्यासाठीच हे पत्र. "फायबराचा काय घेऊन बसलंस, फायबर गावता. आधी खालचा लोखंड बघ. सरळ असात तर माझ्याकडे हाड, वाकडा असात तर इकून टाक." म्हणजे फायबर मिळतं, खालचं लोखंड सरळ असेल तर माझ्याकडे आण, वाकडं असेल तर विकून टाक. स्वतःचं काम सोडून, आधी खर्च करू नको सांगणारा माणूस मला या प्रकरणात पहिल्यांदाच भेटला. घरात एक जण भावनेने बोलत होता, एक रागाने, मोजायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

कुडाळला गाडी लेव्हलवर उभी केली, चॅसीच्या, म्हणजे त्याच खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, ठरावीक बोल्टांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा केल्या, दोन्ही कर्ण टेपने मोजले, फरक फक्त तीन मिलिमीटर, म्हणजे चॅसी सरळ. चाक धरणारा लोअर आर्म वाकला होता तो बदलला, रेडिएटर बदलला. समुद्राजवळ राहतो म्हणून गंजाची जास्त भीती होती, तोही वरवरचाच निघाला.

त्यानंतरही तुम्ही घाई केली नाहीत. पावसात ओल लागली की रेझिन, म्हणजे फायबरचे थर जोडणारं रसायन, नीट धरत नाही, म्हणून थांबवलंत, ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर हात लावलात. फुटलेल्या कडा उतरत्या घासल्या, आतल्या बाजूने फायबरच्या मॅटचे थर एकावर एक, रोलरने हवेचा बुडबुडा न् बुडबुडा काढलात, नवीन जागेवर नाणं वाजवून मलाच विचारलंत, कसा वाजता?

बिलात फक्त मॅट, रेझिन आणि मजुरी, ती पण होडीच्याच रेटने. जास्त द्यायला गेलो तर रागावलात. रंग अजून एका बाजूला थोडा वेगळा दिसतो, तो माझा मी बघतो. चुलतभावाने अर्धे पैसे दिले आणि लगेच चावी मागितली, दिली नाही.

आमच्या गावच्या जत्रेला मात्र यायचंच, रात्री दशावतार आहे. गाडी घेऊन न्यायला येतो. सीट दोनच, त्यामुळे आधी काकींना आणून सोडतो, मग तुमच्यासाठी परत येतो.